सावलीतला चेहरा

मुलुंड पूर्व
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय कमळ,

मढहून येऊन पंधरा दिवस झाले तरी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला बोंबलांचा वास येतोय. येऊ दे. त्या दोन दिवसांइतकी मजा मला रिटायर झाल्यापासून आली नव्हती.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअॅपवर तू नुसते अंगठे पाठवतेस, म्हणून ही ईमेल. तुझ्या सुनेला, विनिताला, उघडून द्यायला सांग.

बातमी अशी की आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, २१ ते २३ नोव्हेंबर, इथेच मुलुंडच्या हॉलमध्ये. चाळीस जणांचे फोटो. आणि निमंत्रणपत्रिकेवर कुणाचा? माझा! तुझ्या गावातला! चार फूट रुंद प्रिंट काढलीय, मॅट कागदावर, काचेच्या फ्रेममध्ये. कुठला फोटो ते मुद्दाम सांगत नाही. तू येशील तेव्हाच बघ.

हा नवा कॅमेरा म्हणजे चमत्कार आहे गं. जुना खटॅक करायचा आणि समोरचा माणूस लगेच ताठ उभा राहायचा. याचा आवाजच बंद करता येतो. पन्नास पावलांवरून माणसाचा डोळा स्वतःच शोधतो आणि धरून ठेवतो. समोरच्याला पत्ताच नसतो. आणि एडिटिंगचं नवीन सॉफ्टवेअर! काळ्याकुट्ट सावलीत बुडालेलं असेल तेसुद्धा वर येतं, फोटोवर एक ठिपका दिसत नाही. आमचे अध्यक्ष श्यामसुंदर अण्णा म्हणाले, "शुभाताई, या वयात तुम्ही आम्हा सगळ्यांची वाट लावलीत."

ये हं नक्की.

तुझी शुभा

*

मढ कोळीवाडा
१२ नोव्हेंबर

शुभे,

अभिनंदन. झकास. मी येईन म्हणून धरू नकोस, सध्या माल भरपूर आहे आणि कानाचं मशीन शिट्टी मारतं. लोकांत गेले की डोकं उठतं.

एक विचारायचं होतं. फोटोत आमची जानकी नाही ना? तिला आवडत नाही. तू होतीस तेव्हाही ती तुला दोनदा नको म्हणाली होती, मी बघितलं. भाची आहे माझी, जरा भित्री आहे. तिचा काढला असशील तर लावू नकोस.

पत्रिका पाठव बघू.

कमळ

*

मुलुंड पूर्व
१४ नोव्हेंबर

प्रिय कमळ,

अगं, तुझी भाची काय सिनेमातली नटी आहे का लोक ओळखायला? फोटो वलांड्यांचा आहे. बांबूवर ओळीनं टांगलेले बोंबील, मागे समुद्र, दुपारचं ऊन. माणसं असतीलही एखाददुसरी त्यात. कोण बघतंय!

पत्रिका पाठवत नाही, मजा जाईल.

शुभा

*

मुलुंड पूर्व
२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ

प्रिय कमळ,

आज शेवटचा दिवस. तू आली नाहीसच, तेव्हा आता कबूल करून टाकते. रागावू नकोस. फोटो जानकीचा आहे.

ती वलांडीच्या सावलीत उभी होती, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. मी लांब, होड्यांच्या आड, मोठी लेन्स लावून. वाऱ्यानं पदर उडाला तो जेमतेम दोन सेकंद. मूळ फाइलमध्ये चेहरा अगदी काळा होता, मी तासभर बसून तो उजळला. आता तिची पापणी न् पापणी मोजता येते. अगं, बघशील तर तूच म्हणशील की बरं झालं काढला. तिला मी स्वतः एक प्रिंट आणून देणार आहे.

काल तर कमालच झाली. एक गृहस्थ आले. पस्तिशीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. माझ्या फोटोपुढे वीस मिनिटं उभे. हल्ली दोन सेकंदांत लोक पुढे सरकतात, म्हणून मीच जवळ गेले. म्हणाले, "मॅडम, एवढ्या सावलीतला चेहरा तुम्ही किती स्वच्छ बाहेर काढलात." ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी पत्रिका टाकली होती, ती बघून मुद्दाम आले होते. मला किती भरून आलं! लेन्स कोणती, कधी काढला, सगळं विचारलं. खाली चिठ्ठीवर 'मढ, ऑक्टोबर' लिहिलंच आहे, तरी म्हणाले, मढमध्ये नक्की कुठे? त्यांनाही तिथे फोटो काढायला जायचंय. मी वेसाव्याच्या जेट्टीपासूनचा सगळा रस्ता सांगितला. "या बाई रोज असतात का तिथे?" म्हणाले. मी म्हटलं, हो तर, माझ्या मैत्रिणीकडेच राहते ती.

जाताना त्यांनी काचेवर बोट ठेवलं, बरोबर तिच्या डाव्या मनगटावर, आणि म्हणाले, "छान बरं झालंय." मला वाटलं, एडिटिंगबद्दल बोलतायत. मी माझं कार्ड दिलं त्यांना.

कधी आले तर चहा दे.

शुभा

*

मढ
२३ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

शुभा,

पुढचं वाचू नकोस. आधी हॉलमध्ये जा आणि फोटो खाली काढ. मग वाच.

तो तिचा नवरा आहे. यज्ञेश. मनगट त्यानेच मोडलं होतं, दाराच्या फटीत धरून.

जानकी माझी भाची नाही. जोगेश्वरीच्या बाजारात माझ्याकडून मासे घ्यायची, चार वर्षं. कधी गालावर, कधी गळ्यावर निळं दिसायचं. मी विचारलं की म्हणायची, बाथरूममध्ये पडले. मार्चमध्ये एक दिवस हाताला प्लास्टर घालून आली, अंगावरची साडी आणि एक पर्स, बस. म्हणाली, "मावशी, मला कुठेतरी घेऊन चला. तो म्हणालाय पुढच्या वेळी चेहरा ठेवणार नाही." माहेरी आधी दोनदा गेली होती, दोन्ही वेळा त्याने गोड बोलून परत नेलं आणि नंतर मारलं. मी तिला टोपलीबरोबर घरी आणलं. आठ महिने झाले. कुणाला माहीत नव्हतं ती कुठे आहे.

तू त्याला रस्ता सांगितलास.

माझं नाव सांगितलंस का? घर सांगितलंस का? एवढंच लगेच लिही.

कमळ

*

मुलुंड पूर्व
२३ नोव्हेंबर, दुपारी दोन

कमळ,

फोटो खाली काढला. अण्णा म्हणत होते, शेवटचा दिवस आहे, पाहुणे यायचेत, भिंत रिकामी दिसेल. मी ऐकलं नाही. फ्रेम उतरवताना कोपरा आपटून काच तडकली. घरी आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलीय.

पण त्याच्या फोनमध्ये फोटो आहे. त्याने काढला होता, चिठ्ठीसकट. मीच बाजूला सरकले होते, काचेवर माझं प्रतिबिंब येऊ नये म्हणून.

तुझं नाव सांगितलं का, ते मला आठवत नाहीये. सकाळपासून कालचं एकेक वाक्य आठवतेय. 'माझी मैत्रीण' म्हटलं हे नक्की. 'कॉलेजातली' म्हटलं बहुतेक. 'कमळ' म्हटलं का? मला वाटतं नाही. पण मला वाटण्याला आता काय किंमत आहे!

आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. तू सरळ विचारलंस तेव्हा. माझा फोटो पत्रिकेवरून जाईल म्हणून.

मी येऊ का तिकडे? पोलिसांत जाऊ?

शुभा

*

मढ
२६ नोव्हेंबर

शुभा,

येऊ नकोस. तो कदाचित तुझ्याच मागून येईल.

तो काल येऊन गेला.

रविवारपासून जानकी माळ्यावरच होती. मी तिला सगळं सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसती पाय पोटाशी घेऊन बसली आणि विचारलं, "इस्त्रीचा शर्ट होता?" एवढंच. मग दोन दिवस जेवली नाही. खाली कुणाची चप्पल वाजली तरी श्वास धरायची.

काल सकाळी दहाला विनिता जेट्टीवरून धावत आली. एक माणूस फेरीतून उतरलाय आणि सगळ्यांना मोबाइलवर फोटो दाखवतोय. म्हणतोय, बायको डोक्याने बरी नाही, घरातून निघून गेली, औषधं चुकतायत. डोळ्यांत पाणी होतं म्हणे त्याच्या. सुक्या मासळीवाल्या दोघींना तर खरंच वाईट वाटलं, पण सांगितलं कुणी नाही.

माझा धर्मा बोट घेऊन निघायच्याच तयारीत होता. मागच्या दाराने जानकीला नेलं, विनिताने तिच्या डोक्यावर स्वतःची ओढणी टाकली. बोटीत जाळ्यांच्या ढिगाआड बसवलं. कधी पाण्यात गेलेली नाही ती. बोट सुटली तेव्हा तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. मला दिसत होता. बोट पण दिसत होती. मधे शंभर पावलं असतील.

मग दारोदार विचारत माझ्या दारात आला. मी बोंबील निवडत होते. फोटो माझ्या नाकासमोर धरला. शुभा, तो फोटो मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मी कानावर हात ठेवला आणि मान हलवली. ऐकू येत नाही. तो मोठ्याने बोलला. मी परत मान हलवली. माझं मशीन कानात होतं, शिट्टी मारत होतं, मला अर्धंअधिक ऐकू येत होतं. म्हणाला, "मुलुंडच्या फोटोवाल्या मॅडम तुमच्याकडेच येतात का?" मी टोपलीतला एक बोंबील उचलून त्याच्यापुढे धरला, घ्यायचाय का म्हणून.

तो गेला नाही. समोरच्या ओट्यावर तीन तास बसला. हसून मुलांशी बोलला. येणाऱ्या प्रत्येक बोटीकडे बघत होता.

धर्माला मी मेसेज टाकत राहिले, इकडे येऊ नको. त्याचं उत्तर यायला दीड तास लागला. बोट दुसरीकडे लावली. कुठे ते लिहीत नाही. जानकीने वाटेत इतक्या उलट्या केल्या की धर्मा घाबरला, म्हणाला, आई, हिचे हात पडलेत थंड. आता बरी आहे.

दीडच्या फेरीने तो परत गेला. नाव माहीत नाही त्याला माझं. तुझ्याकडून सुटलेलं नाही. हे मी तुला आज सांगतेय कारण तुझी झोप उडाली असेल. मी अजून तुझ्यावर रागावलेलीच आहे.

आता तो तुझ्याकडे येईल. कार्डावर पत्ता आहे ना?

कमळ

*

मुलुंड पूर्व
२८ नोव्हेंबर

कमळ,

आला होता. काल, दुपारी चार वाजता.

तुझी मेल वाचून मी बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप लावलं होतं. बेल वाजली. लाकडी दार उघडलं आणि जाळीपलीकडे तोच. तोच मऊ आवाज. हातात मिठाईचा खोका.

"मॅडम, ओळखलंत ना? आत येऊ?"

मी म्हटलं, "नाही."

"फोटो उतरवलात म्हणे. का हो? एवढा सुंदर होता."

मी कुलपाला हात लावून बघितलं, लागलेलं होतं.

"तिचे अजून फोटो असतील तुमच्याकडे. एका क्लिकवर कुणी थांबत नाही, मलाही थोडं कळतं. आणि काँप्युटरवर फोटो पुसले तरी बॅकअप राहतो."

खरं होतं ते. त्या दिवसाचे तीनशेच्या वर फोटो होते. त्यात तू होतीस, तुझं दार होतं, धर्माची बोट होती, बोटीवरचं नाव अगदी स्वच्छ. मी रविवारीच सगळे पुसले होते, बॅकअपसकट. पण त्याला कसं पटणार? आणि कमळ, त्या क्षणी मलाही खात्री वाटेना. वाटलं, कुठेतरी एखादा राहिलाच असेल.

"मला फोटो नकोत," तो म्हणाला. "मैत्रिणीचं नाव सांगा फक्त. मी जाऊन हात जोडीन आणि बायकोला घरी नेईन. तुमच्या मुलीसारखी आहे ना ती? तिचा संसार मोडायचाय का तुम्हाला?"

इतकं साधं वाटत होतं ते. एक नाव. सांगितलं की हा माणूस जाईल, माझं दार बंद होईल. मी तुला खोटं सांगणार नाही, माझ्या जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "मी सांगणार नाही."

मग तो मऊ आवाज गेला. ओरडला नाही, उलट आणखी हळू बोलला. मिठाईचा खोका खाली ठेवला, जाळीतून हात घातला आणि माझा दंड धरला. जाळीवर ओढलं. सळई इथे गालाच्या हाडावर लागली. म्हणाला, "नाव." कमळ, त्याचा चेहरा माझ्यापासून चार बोटांवर होता आणि त्यावर काहीच नव्हतं. रागसुद्धा नाही. मला कळलं की जानकी रोज हेच बघत होती.

मी किंचाळले. आयुष्यात अशी कधी किंचाळले नसेन. समोरच्या गंधालीनं दार उघडलं, वरून लोक धावले. तो हात सोडून बाजूला झाला आणि सगळ्यांना म्हणाला, "मॅडमना चक्कर आली वाटतं." आणि जिना उतरून गेला. पळाला नाही, चालत गेला.

गंधालीची बहीण गार्गी वकील आहे, बायकांच्या केसेस चालवते. ती संध्याकाळी माझ्याबरोबर पोलिस स्टेशनला आली. तक्रार दिली. जिन्यातल्या कॅमेऱ्यात तो दिसतोय. पोलिसांनी आज त्याला बोलावून घेतलं. गार्गी म्हणते, माझ्या तक्रारीवर फार दिवस नाही धरता यायचं. जानकी स्वतः बोलली तर कोर्टाकडून त्याला तिच्याजवळ जायची मनाई करून घेता येईल.

मला ती कुठे आहे ते सांगू नकोस. खरंच नको. फक्त गार्गीचा नंबर तिच्यापर्यंत पोचव.

दंडावर त्याची पाच बोटं उमटलीयत. बेल वाजली की मी हलतच नाही. दूधवाला आज तसाच परत गेला.

शुभा

*

२ डिसेंबर

शुभा,

नंबर पोचवला. दोन दिवस तिने हातात धरून ठेवला. म्हणत होती, मी बोलले तर त्याला माझा आवाज ऐकू जाईल. काल तिने फोन केला तुझ्या गार्गीला. तासभर बोलली.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत, नीट वाच.

तू माझं नाव दिलं नाहीस. हे मी विसरणार नाही. माझ्या घरात धर्माची सात महिन्यांची पोर आहे, त्या दारात तो परत आला असता तर काय झालं असतं हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही.

दुसरी. मी तुला आधीच खरं सांगितलं असतं तर तू तिच्यावर कॅमेरा धरला नसतास, हे मी स्वतःला रोज म्हणते. मी लपवलं, ते माझं चुकलं असेल. पण ती तुला दोनदा नको म्हणाली होती. कारण कळल्यावरच थांबायचं असतं का? तेवढं 'नको' पुरे होतं, शुभा.

तुझा गाल कसा आहे? बर्फ लाव. दूधवाल्याला खिडकीतून बघ आणि मग उघड, पण उघड.

गार्गी म्हणते मी कोर्टात यायचं नाही. त्याने मला तिथे बघितलं तर घर कळेल. तेव्हा तिच्याजवळ कुणीच नसणार, तू सोडून. जाशील का?

कमळ

*

मुलुंड पूर्व
१७ जानेवारी २०२६

प्रिय कमळ,

काल जाऊन आले. तू वाट बघत असशील म्हणून सकाळीच लिहायला बसलेय.

मी तासभर आधी पोचले. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर जानकी बसली होती, गार्गी आत गेली होती. मला वाटलं, ती उठून दुसरीकडे जाईल. गेली नाही. मी बाकाच्या दुसऱ्या कडेला बसले. काय बोलायचं ते मी गाडीत दहादा घोकलं होतं. माफी कशी मागायची, प्रिंट फाडून टाकली, फाइल राहिली नाही, नेटवर ज्या ज्या पानांवर पत्रिका होती त्यांना लिहून काढायला लावली, तरी दोन-तीन ठिकाणी अजून असेल. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

मग तो आला. जामिनावर सुटलाय ना. वकिलाबरोबर, तसाच नीटनेटका. आमच्यासमोरून गेला, आणि जाताना तिच्याकडे बघून किंचित मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

दंड त्याच जागी दुखायला लागला.

जानकीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "दारात तुमचा हात धरला तेव्हा घाबरलात?"

मी म्हटलं, "हो गं. फार. अजून घाबरते. बेल वाजली की घाबरते."

"मला वाटायचं मीच एकटी भित्री आहे," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, तो किती सभ्य आहे."

"मीही म्हणाले होते," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं, कमळ, आणि बराच वेळ बघितलं. मी मान खाली घातली नाही. तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते.

"फोटो मला माफ करता येणार नाही," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही."

"नको करूस."

आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि परत बसली. मी हात पुढे केला नाही, मला धीर झाला नाही. तिनंच माझा हात धरला, घट्ट, बोटं दुखतील इतका, आणि म्हणाली, "दारापर्यंत चला. आत मी बोलते."

दारापर्यंत गेलो. दारात तिनं सोडला आणि आत गेली.

पंचवीस मिनिटं ती बोलत होती. दार अर्धवट उघडं होतं. आवाज सुरुवातीला कापत होता, मग कापतच राहिला. पण थांबला नाही.

मनाईचा हुकूम मिळालाय.

शुभा